हरिकेन येतंय: तेलाच्या टाक्या भरून ठेवायच्या की रिकाम्या करायच्या?

रेवदंडेकर:

मेक्सिकोच्या आखातात हरिकेन शिरलं की दरवेळी तीच बातमी. अमुक टक्के तेलउत्पादन बंद, तमुक रिफायनऱ्या थांबल्या, प्लॅटफॉर्मवरची माणसं हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर. २०२१ च्या आयडात तर आखातातलं ९५ टक्क्यांहून जास्त तेलउत्पादन बंद होतं. मी प्रोसेस प्लांटच्या मेंटेनन्समधला आहे, त्यामुळे ढोबळ उत्तरं नकोत. नेमके प्रश्न असे:

१. वादळ यायच्या आधी किनाऱ्यावरच्या टाक्या रिकाम्या कराव्यात असं वाटतं. आत माल कमी, तर फुटली तरी सांडणार कमी. पण तिकडे टाक्या भरतात असं वाचलं. का? आणि किती भरायच्या?

२. प्लॅटफॉर्म बंद करायला एक शटडाऊनचं बटण पुरेसं आहे ना? मग तीन-चार दिवस आधीपासून धावपळ कशाला?

३. वादळ एका दिवसात पुढे जातं. मग सगळं पुन्हा सुरू व्हायला आठवडे, कधी महिने का लागतात?

आपल्या किनाऱ्याला यातलं काय लागू पडतं हेही कुणी सांगितलं तर बरं.

टाकी_तपासनीस:

पहिल्या प्रश्नाचं घेतो. भरायच्याच. आणि अंदाजाने नाही, हिशोब करून.

३० मीटर व्यासाची, १२ मीटर उंचीची साधी कोन-रूफ (शंकूसारख्या छपराची) टाकी घ्या. तळपत्रा, शेल (उभी भिंत) आणि छप्पर मिळून लोखंड साधारण १८० टन. तळाचं क्षेत्रफळ ७०७ चौरस मीटर. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरली तर डाईकमध्ये (टाकीभोवतीच्या बांधाच्या आत) पाणी मीटरभर चढलं की टाकीला वर उचलणारा जोर ७२५ टन. म्हणजे टाकी पूर्ण रिकामी असेल तर २५ सेंटिमीटर पाण्यातच ती तळ सोडते. नडगीपर्यंतचं पाणी झालं हे.

आता सर्ज (वादळाने किनाऱ्यावर चढणारं समुद्राचं पाणी) ३ मीटर धरा. उचलणारा जोर २१७४ टन, त्यातून टाकीचं वजन वजा केलं की १९९४ टन उरतात. ते आतल्या मालाने दाबून धरायचे. ०.८५ घनतेचं क्रूड असेल तर दर मीटरला ६०१ टन, म्हणजे ३.३ मीटर क्रूड हवं. पेट्रोल (०.७४) असेल तर ३.८ मीटर. काहीच माल नसेल आणि पाणीच भरणार असाल तर २.८ मीटर. हे सगळे 'जेमतेम' आकडे आहेत. सर्जचा अंदाज अर्धा मीटर इकडेतिकडे सहज होतो, वर लाटा वेगळ्या, म्हणून निदान एक मीटर जास्तीचं ठेवा. क्रूडसाठी ४.३ मीटर, म्हणजे सुमारे ३०४० घनमीटर, १९ हजार बॅरल.

हे न केल्यास काय होतं त्याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण कॅटरिनातलं, २००५, लुइझियानातलं मेरो गाव. मर्फी ऑइलच्या रिफायनरीत अडीच लाख बॅरल क्षमतेची टाकी, आत क्रूड सुमारे ६५ हजार बॅरल, म्हणजे पाव टाकी. रिकामी नव्हती, तरी पुराच्या पाण्याने जागची हलवली. फुटून २५ हजार बॅरलच्या वर क्रूड सांडलं आणि शेजारच्या वस्तीतल्या सुमारे १८०० घरांपर्यंत गेलं. 'थोडा माल आहे, चालेल' या समजुतीवर याहून चांगलं उत्तर नाही.

भरण्याचा दुसरा फायदा वाऱ्यासाठी. रिकाम्या टाकीचं शेल वाऱ्याच्या बाजूने आत दबतं, पत्र्याचा डबा दाबल्यासारखं. भरलेल्या भागात द्रवाचा दाब आतून आधार देतो.

अडचण वेळेची आहे. ३०० घनमीटर तासाच्या पंपाने वरची एक टाकी तळापासून भरायला दहा तास. अशा वीस टाक्या आणि दोन पंप म्हणजे १०० तास. इशारा आल्यावर सुरुवात केलीत तर हिशोब बसत नाही. म्हणून हरिकेनचा मोसम (१ जून ते ३० नोव्हेंबर) सुरू होतानाच प्रत्येक टाकीची 'याच्या खाली जायचं नाही' अशी पातळी ठरवून कंट्रोल रूमला लावून ठेवतात. पाणी भरणं हा शेवटचा उपाय, कारण नंतर ते सगळं तेलकट पाणी म्हणून ट्रीट करत बसावं लागतं.

टाकी भरल्यावर शेलला लागून असलेला रूट व्हॉल्व्ह बंद करायचा. टाकी जरा जरी सरकली तरी पहिलं तुटतं ते नोझल किंवा पाईप, आणि व्हॉल्व्ह लांब मॅनिफोल्डवर बंद असेल तर त्याचा काही उपयोग नाही. पण दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये लाईन गच्च भरून राहिली आणि वादळानंतर कडक ऊन पडलं, की थर्मल रिलीफ (तापून वाढलेला दाब सोडणारा व्हॉल्व्ह) नसलेल्या लाईनचे गॅस्केट उडतात. रिलीफच्या खालचे आयसोलेशन व्हॉल्व्ह उघडे आहेत ना हे एकदा फिरून बघाच.

छोट्या आडव्या टाक्या लोक हमखास विसरतात. जनरेटरची डिझेल टाकी, केमिकल डोसिंगची टाकी, एलपीजीचे बुलेट. एलपीजीची घनता ०.५ च्या आसपास, त्यामुळे बुलेट भरलेला असला तरी पाण्यात बुडला की वर यायला बघतो. तिथे सॅडलचे बोल्ट आणि पट्टे हाच आधार, आणि ते गंजलेले असतात.

रेवदंडेकर:

मस्त. एक उपप्रश्न: मोठ्या टाक्यांना अँकर बोल्ट लावून का भागत नाही? आणि फ्लोटिंग रूफचं (मालावर तरंगणाऱ्या छपराचं) काय? तिथे तर पाऊस थेट छपरावर.

टाकी_तपासनीस:

अँकर बोल्ट शेलच्या घेराला असतात, मध्ये नाही. रिकाम्या टाकीखाली ३ मीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस मीटरला ३ टन, तो सहा-आठ मिलिमीटरच्या तळपत्र्यावर. कडेने धरून ठेवलंत तर मधला पत्रा वर फुगतो आणि शेल-तळाचा वेल्ड फाटतो. अँकर वाऱ्यासाठी आणि भूकंपासाठी ठीक. पुरासाठी वजनच लागतं.

फ्लोटिंग रूफ ही वेगळीच डोकेदुखी. एपीआय ६५० (टाक्यांचं अमेरिकी मानक) प्रमाणे सिंगल-डेक पॉन्टून छपराने (एकेरी पत्रा, कडेला पोकळ कप्पे म्हणजे पॉन्टून), ड्रेन बंद असताना, २४ तासांत १० इंच पाऊस झेलून तरंगत राहिलं पाहिजे. ३० मीटर व्यासाच्या छपरावर १० इंच म्हणजे सुमारे १८० टन पाणी. २०१७ च्या हार्वेत टेक्सासमधल्या नेदरलँड गावी एकूण ६०.५८ इंच पडला. डिझाइन कुठे आणि हे कुठे! अनेक टाक्यांची छपरं कलली, काही बुडाली, आणि उघड्या पेट्रोल-क्रूडची वाफ थेट हवेत गेली.

करायच्या गोष्टी: छपरावरच्या सम्पची (पाणी जमायच्या खड्ड्याची) जाळी साफ. पानं, पक्ष्यांची घरटी, सीलचे निघालेले रबराचे तुकडे, सगळं काढायचं. पॉन्टूनची झाकणं उघडून आत माल किंवा पाणी नाही ना बघायचं, कारण एक पॉन्टून भरलेला असेल तर छप्पर त्याच बाजूला कलणार. छप्पर पायांवर टेकलेलं ठेवायचं नाही, तरंगतंच ठेवायचं. मग ड्रेन व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा का, यावर वाद आहे. आतली होज गळकी असेल तर उघड्या ड्रेनमधून माल डाईकमध्ये येतो. माझं मत उघडा ठेवा. होज आठवडाभर आधी तपासता येते. बुडालेलं छप्पर मात्र वादळात वर काढता येत नाही.

सबसी_शिफ्ट:

दुसऱ्या प्रश्नावर. विहीर बंद करायला बटण पुरतं, हे खरं. विहिरीच्या नळीत समुद्रतळाच्या किमान १०० फूट खाली एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो हायड्रॉलिक दाबाने उघडा धरलेला असतो. दाब गेला की स्प्रिंग त्याला बंद करते. वरचं सगळं वाहून गेलं तरी तो बंदच राहतो. म्हणूनच २००५ मध्ये कॅटरिना आणि रिटा मिळून शंभरहून जास्त प्लॅटफॉर्म नष्ट झाले, तरी विहिरी उसळल्या नाहीत.

खोल पाण्यात मात्र बटण दाबून निघून गेलात तर परत येऊन रडाल. दीड-दोन हजार मीटर खाली पाणी चार-पाच अंशांवर. फ्लोलाईनमध्ये (विहिरीपासून प्लॅटफॉर्मकडे जाणाऱ्या पाईपमध्ये) गरम तेल, वायू आणि पाणी एकत्र. प्रवाह थांबला की काही तासांत ते थंड होतं आणि दाबाखाली वायू-पाण्याचं हायड्रेट जमतं. बर्फासारखा घट्ट बुच. मेणचट क्रूड असेल तर त्यात मेणही. तो बुच सोडवायला आठवडे जातात, आणि एकाच बाजूने दाब कमी केला तर सुटलेला बुच गोळीसारखा धावून पाईप फोडू शकतो. म्हणून आधी ट्री (विहिरीच्या तोंडावरचे व्हॉल्व्ह) आणि जंपरमध्ये (त्याला जोडणाऱ्या छोट्या पाईपमध्ये) मेथॅनॉल सोडायचं, मग लाईनमधला जिवंत माल ढकलून त्या जागी डेड ऑइल (वायू काढून टाकलेलं तेल) फिरवायचं, नाहीतर लाईनचा दाब हायड्रेट बनणार नाही इतका उतरवायचा. प्रत्येक लूपला काही तास. एका होस्टवर (विहिरींचं तेल घेणाऱ्या प्लॅटफॉर्मवर) अशा अनेक लाईनी, आणि पंप ठरावीकच.

ड्रिलशिपचं गणित आणखी कडक. तिकडे त्याला टी-टाइम म्हणतात: विहीर सुरक्षित करायला लागणारा वेळ, अधिक रायझर (जहाजापासून समुद्रतळावरच्या विहिरीपर्यंतचा पाईप) वर काढायला लागणारा वेळ, अधिक वाटेतून बाजूला व्हायला लागणारा वेळ. ६५०० फूट पाणी आणि ७५ फुटी जॉइंट म्हणजे ८७ जॉइंट. तासाला चार-पाच निघाले तरी वीस तास नुसता रायझर. त्यात विहिरीत प्लग टाकायचे तास मिळवा. शिवाय लूप करंटचा (आखातातल्या सागरी प्रवाहाचा) जोर असेल तर रायझर डायव्हर्टरमध्ये (जहाजावरच्या त्याच्या तोंडाशी) घासतो आणि वेग निम्म्यावर येतो. वादळाचा अंदाज बदलेल या आशेवर सहा तास थांबलात तर ते सहा तास कुठूनही परत मिळत नाहीत.

माणसं उतरवण्याआधी डेकवर काय करतात तेही सांगतो, कारण तिथेच हलगर्जी होते. क्रेनचा बूम क्रॅडलमध्ये टेकवून बांधायचा. केमिकलचे टोट, सिलिंडर, स्कॅफोल्डिंगचे पाईप आणि फळ्या खाली पाठवायच्या किंवा चेनने आवळायच्या. कंटेनर दोरीने नव्हे, वेल्ड केलेल्या पॅडआयला. ड्रिलिंग रिग स्किड बीमवर असेल तर तिचे क्लॅम्प. कॅटरिनात मार्स या टीएलपीवर (समुद्रतळाला ताणून बांधलेल्या तरंगत्या प्लॅटफॉर्मवर) रिगच तुटून प्लॅटफॉर्मवर कोसळली. खालचं तरंगतं अंग शाबूत होतं, तरी उत्पादन मे २००६ पर्यंत बंद.

आणि तरंगत्या प्लॅटफॉर्मवर बॅलास्टचे (तोल राखायला भरलेल्या पाण्याचे) व्हॉल्व्ह, बिल्ज लाईनी (तळाशी साचलेलं पाणी काढणाऱ्या) आणि चेक व्हॉल्व्ह बघायचे. जुलै २००५ मध्ये डेनिस वादळानंतर थंडर हॉर्स हा प्लॅटफॉर्म वीसेक अंश कललेला सापडला. सुरुवातीला सगळ्यांना वादळाचंच काम वाटलं. निघालं असं की बॅलास्ट-बिल्जच्या पाईपिंगमध्ये चूक होती, पाणी एका टाकीतून दुसरीकडे जाऊ शकत होतं. माणसं प्लॅटफॉर्मवर असती तर पहिल्या दोन अंशांतच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

उभे प्लॅटफॉर्म मोडतात ते बहुतेक वेळा वाऱ्याने नाही. लाटेचा माथा डेकला लागला की मोडतात. पायांमधून लाट निघून जाते, पण डेक म्हणजे भिंत. म्हणून जुने, कमी उंचीच्या डेकचे प्लॅटफॉर्म आधी जातात.

समुद्रतळाचा चिखल हा तिसरा मारेकरी. मिसिसिपीच्या मुखाजवळचा गाळ मऊ, आणि मोठ्या लाटांच्या दाबाने तो उतारावरून घसरतो. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हनच्या वेळी टेलर एनर्जीचा मिसिसिपी कॅनियन २० या ब्लॉकमधला प्लॅटफॉर्म असाच उलथला, विहिरी गाळाखाली गाडल्या गेल्या. गळती वर्षानुवर्षं चालली, पकडणारी यंत्रणा बसली ती २०१९ मध्ये.

फ्लेअरखाली:

तिसरा प्रश्न माझ्या वाटणीचा. थोडक्यात: वीज, खारं पाणी आणि बंदर, याच क्रमाने.

आयडा २९ ऑगस्ट २०२१ ला पोर्ट फूर्शोनवर आदळलं. म्हणजे आखातातल्या खोल पाण्यातल्या बहुतेक कामांचा जो तळ, नेमक्या त्याच्यावर. न्यू ऑर्लिन्सला येणाऱ्या आठही ट्रान्समिशन लाईनी गेल्या, मिसिसिपी ओलांडणारा एक टॉवर कोसळला. रिफायनरी शाबूत असली तरी बाहेरची वीज नाही, म्हणजे कूलिंग वॉटर नाही, इन्स्ट्रुमेंट एअर नाही, बॉयलरला पाणी नाही. समुद्रात मार्स, ऑलिंपस आणि उर्सा यांचं उत्पादन अडकलं ते वेस्ट डेल्टा १४३ या ट्रान्सफर प्लॅटफॉर्मच्या नुकसानीमुळे. विहिरी तयार, तेल पुढे न्यायला वाट नाही.

रिफायनरी आधीच नीट थांबवली होती की वीज गेल्यावर आपटली, यावर पुढचे आठवडे ठरतात. नीट थांबवायला एक-दोन दिवस लागतात: चार्ज (युनिटला जाणारा माल) हळूहळू कमी, हीटर थंड, जड माल लाईनीतून हलक्या तेलाने धुऊन काढायचा, रिअॅक्टर नायट्रोजनखाली. आपटली तर हीटरच्या कॉइलमध्ये कोक बसतो, रेसिड्यूच्या (तळाशी उरणाऱ्या जड मालाच्या) लाईनी दगड होतात. सल्फर युनिटमध्ये वाफेचं जॅकेट थंड पडलं की ११९ अंशांच्या खाली गंधक घट्ट होतं. मग ब्लोलँप नव्हे, पुन्हा वाफच, आणि ती यायला बॉयलर हवा, बॉयलरला वीज हवी.

खाऱ्या पाण्यात बुडालेली सबस्टेशन ही वेगळी रांग. मोटर गोड्या पाण्याने धुऊन, ९० अंशांच्या आत ओव्हनमध्ये वाळवून, मेगर (इन्सुलेशनची चाचणी) करून बऱ्याचदा वाचते. मोल्डेड केस ब्रेकर वाचत नाही, बदलायचाच. तो 'चालतोय' दिसला तरी ट्रिप होईल याची खात्री देता येत नाही. पॅनेलभर ब्रेकर, आणि अख्ख्या किनाऱ्याला तेच एकाच वेळी हवे असतात. बेल चासजवळची दिवसाला अडीच लाख बॅरलची अलायन्स रिफायनरी आयडात पाण्याखाली गेली, आणि नोव्हेंबरात तिच्या मालकाने तिचं टर्मिनल करायचं ठरवलं.

जनरेटर आहेत की, असं म्हणणाऱ्यांसाठी हार्वेतला क्रॉस्बीचा आर्केमा कारखाना. ऑरगॅनिक पेरॉक्साइड थंडच ठेवावं लागतं. वीज गेली, जनरेटर पाण्यात गेले, मग माल रेफ्रिजरेटेड ट्रेलरमध्ये हलवला, ट्रेलरही पाण्यात बंद पडले. ३१ ऑगस्ट २०१७ पासून ते एकेक करून पेटले. एकीला पर्याय म्हणून दुसरी अशा ठेवलेल्या सगळ्या सोयी एकाच पातळीवर होत्या, एवढाच तो दोष.

एलएनजीचं (अतिथंड करून द्रव केलेल्या नैसर्गिक वायूचं) एक सहसा लक्षात न येणारं. टाकी गेज दाबावर (बाहेरच्या हवेपेक्षा जितका जास्त तेवढा दाब) चालते, शंभर-दोनशे मिलिबार. बाहेरचा हवेचा दाब १०१० वरून ९४० मिलिबारला उतरला (२०२० ची लॉरा किनाऱ्याला लागली तेव्हा केंद्रात साधारण इतकाच होता) तर आत काहीही न बदलता गेज ७० ने वर जातो. तो उतरवायला वायू सोडला की द्रव आणखी उकळतो. म्हणजे बॉइल-ऑफ नेमका तेव्हाच वाढतो जेव्हा कॉम्प्रेसरला वीज नाही आणि घ्यायला जहाज नाही. म्हणून वादळाआधी टाकीचा दाब मुद्दाम खाली आणून ठेवायचा आणि फ्लेअरच्या पायलटला (सतत पेटत्या ज्योतीला) स्वतंत्र इंधन ठेवायचं.

बंदराचं सोपं आहे. कोस्ट गार्ड वादळी वारे यायच्या ७२ तास आधी व्हिस्की, ४८ ला एक्स-रे, २४ ला यँकी आणि १२ ला झुलू स्थिती लावतं. झुलूत बंदर बंद. उघडताना चॅनेलचा सोनारने सर्व्हे होतो, कारण बुडालेली बार्ज किंवा सरकलेला बोया कुठेही असू शकतो. तोवर क्रूड आत नाही, पेट्रोल बाहेर नाही.

हाय_नॉर्थ:

आपल्याकडे काय लागू पडतं, त्याबद्दल दोन गोष्टी.

पहिली बार्ज. मुंबई हायचा फेअर वेदर सीझन पावसाआधी संपतो, म्हणजे मे महिन्यात कामं उरकण्याची घाई आणि अरबी समुद्रातली चक्रीवादळंही त्याच महिन्यात. १७ मे २०२१ ला तौक्तेत पी-३०५ ही निवासी बार्ज लंगर तुटून वाहत गेली, प्लॅटफॉर्मवर आदळली आणि बुडाली. तिच्यावर २६१ जण होते, सत्तरहून अधिक गेले. बार्जचा टी-टाइम मांडून बघा. आठ लंगर उचलायला अँकर हँडलिंग टग, हवामान चांगलं असेल तर आठ-दहा तास. मुंबईपर्यंत सुमारे ९० सागरी मैल, टोचा (ओढत नेण्याचा) वेग साडेचार नॉट, म्हणजे वीस तास. तीस तास झाले, तेही टग बाजूलाच उभा असेल आणि बंदरात जागा असेल तर. लाटा अडीच मीटरवर गेल्या की लंगर उचलणंच धोक्याचं, म्हणजे तीस तास मागे मोजायचे ते वादळाच्या केंद्रापासून नव्हे, समुद्र खवळायला लागतो त्या क्षणापासून. प्लॅटफॉर्मजवळ लंगरावर बसून राहणं हा पर्यायच नाही.

दुसरी गोष्ट भरती. गॅल्व्हेस्टनला भरती-ओहोटीतला फरक अर्धा मीटर, मुंबईला उधाणात चार-पाच मीटर. तिकडे सर्ज दिवसाच्या कुठल्याही वेळी आला तरी फारसा फरक नाही. आपल्याकडे तोच दोन मीटरचा सर्ज ओहोटीला आला तर गाळावरच विरतो, उधाणाच्या भरतीवर आला तर थेट टाक्यांच्या डाईकमध्ये. त्यामुळे माहुल किंवा उरणसाठी टाकीची पातळी ठरवताना आधी भरतीचं कोष्टक उघडायचं.

रेवदंडेकर:

सगळ्यांचे आभार. टाकी_तपासनीस, तुमच्या पद्धतीने आमच्या २० मीटर व्यासाच्या टाकीचा हिशोब केला. लोखंड ८० टन, डिझेल ०.८३, सर्ज ३ मीटर. ३.४ मीटर डिझेल येतंय. बरोबर?

टाकी_तपासनीस:

गणित बरोबर. पण ते ३ मीटर कुठून मोजले? सर्जचा आकडा समुद्रसपाटीच्या कुठल्या तरी बेंचमार्कपासून दिलेला असेल तर त्यातून टाकीच्या पॅडची (टाकी बसते त्या ओट्याची) उंची वजा करायची. तिकडचं नॅशनल हरिकेन सेंटर जमिनीपासून वर किती फूट ते देतं, आपल्याकडे भरतीच्या वर किती मीटर असं येतं. तुमचा पॅड आसपासच्या जमिनीहून मीटरभर उंच असेल तर ३ चे २ होतील आणि जेमतेम पातळी साधारण २.२ मीटर येईल. उलट, पॅड खचलेला असेल तर ३.४ सुद्धा पुरणार नाही. लेव्हल लावून तळपत्र्याची उंची घ्या, ड्रॉइंगवरची नको.